भाकरी कोण घालणार?

आमच्या मागांच्या गावात, कबनुरात, पाऊस लागला की पोरं रस्त्यावरचं एखादं पिल्लू उचलून घरी घेऊन येतात. आई चार शब्द बोलते आणि त्याच्यासमोर दूध ठेवते. आणणं सोपं आहे हो. मला बोलायचंय ते त्याआधीच्या तयारीबद्दल.

पहिला प्रश्न, त्याला भाकरी कोण घालणार? दिवसपाळीवाला मागावर गेला, रात्रपाळीवाला झोपला, मग बघायचं कुणी? चैत्रात सगळं घर जोतिबाच्या यात्रेला गेलं तर? नाव ठरवा. ‘सगळे मिळून बघू’ म्हणजे कुणीच बघत नाही.

दुसरं, घाई नको. मागावर नवं बीम चढवायचं तर वहिफणीवाला एकेक तार वहीतून, मग फणीतून ओवतो. घाईत एक तार चुकली की दोष अख्ख्या ताक्यात उतरतो. कुत्र्याचे पहिले दोन-तीन आठवडे म्हणजे ही वहिफणी. ओवणी व्हायच्या आत माग चालू करतं का कुणी? मग आल्या दिवशी शेजारपाजार गोळा करून पिल्लू या हातातून त्या हातात का फिरवता? मागाच्या दारात तर बांधूच नका. आपल्याला वीस हजार हर्ट्झपर्यंतचं ऐकू येतं, त्याला पंचेचाळीस हजारांपर्यंतचं. आपल्या कानाला सवयीची झालेली खडखड त्याला किती लागत असेल! कोपरा द्या, गोणपाट द्या, पाणी ठेवा. कॉटखाली दडलं तर दडू दे, ओढून काढू नका.

लसीचं तुम्हाला ठाऊकच आहे. पिल्लू तीन महिन्यांचं झालं की रेबीजची लस, मग बूस्टर, पुढं दरवर्षी. मोठं कुत्रं आणलंत तर आधी पशुवैद्याकडे. आणि चावलं, ओरखडलं तर चुना-हळद नको. साबणानं पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी दवाखाना गाठा. रेबीजची लक्षणं दिसल्यावर हातात काही उरत नाही.

सर्वोच्च न्यायालयानं 22 ऑगस्ट 2025 च्या आदेशात म्हटलंय, रस्त्यावरचं कुत्रं रीतसर अर्ज करून दत्तक घेता येईल, पण ते परत रस्त्यावर येणार नाही ही जबाबदारी घेणाऱ्याची. म्हणून पुन्हा विचारते, भाकरी कोण घालणार? दिवाळीच्या फटाक्यांचं सांगायचं होतं, नसबंदीचंही, पण समोरून वेळ संपल्याची खूण होतेय.

एवढंच ऐका. घरात नाव ठरत नसेल तर तूर्त कुत्रं आणू नका. गल्लीतल्याच एखाद्या कुत्र्याला वर्षाची लस टोचून घ्या, तेवढंही पुष्कळ आहे.