टेकाडांवरील सायकल-शर्यत

आठ मीटर उंचीच्या एका कृत्रिम टेकडीच्या माथ्यावर आठ सायकलस्वार एका ओळींत उभे आहेत. प्रत्येकाचें पुढचें चाक लोखंडी फाटकाला टेकलेलें आहे. दोन्ही पाय पेडलांवर आहेत. सूचना होते, क्षणभर शांतता पसरते, फाटक एकदम पुढें कोसळतें, आणि अवघ्या चाळीस सेकंदांच्या आंत सारा निकाल लागलेला असतो. या शर्यतीला ‘बायसिकल मोटोक्रॉस’, संक्षेपानें बी.एम.एक्स., असें नांव आहे. ती प्रथमच पाहणाऱ्याला हा निव्वळ उड्यांचा धांगडधिंगा वाटतो. वास्तविक तिचा मार्ग म्हणजे मातींत मांडलेलें एक गणित आहे. तें उमगलें म्हणजे शर्यतीची गोडी कळूं लागते.

या खेळाचा जन्म १९७० च्या सुमारास अमेरिकेंतील दक्षिण कॅलिफोर्नियांत झाला. मोटारसायकलींच्या शर्यती पाहून तेथील मुलांना तसाच पराक्रम गाजविण्याची हौस वाटूं लागली. जवळ मोटारसायकल नव्हती. पण लहान चाकांची सायकल होती, आणि मोकळ्या जागेंत माती हवी तेवढी होती. ब्रूस ब्राउन यांच्या १९७१ सालच्या ‘ऑन एनी संडे’ या चित्रपटांत अशीं मुलें दिसलीं आणि हें वेड दूरवर पसरलें. पुढें २००८ सालीं बीजिंग येथें या शर्यतीला ऑलिंपिक सामन्यांत स्थान मिळालें.

मार्गाची लांबी साधारणपणें तीनशें ते चारशें मीटर असते. सायकलीचीं चाकें वीस इंचांचीं, गिअर एकच, आणि ब्रेक केवळ मागच्या चाकाला. सारें गणित एका साध्या गोष्टीवर उभें आहे. पेडल मारून वेग वाढवितां येतो तो चाक जमिनीवर असेल तरच. हवेंतील स्वार आधीं मिळविलेला वेग केवळ खर्च करीत असतो. म्हणून उंच उडीनें टाळ्या मिळाल्या तरी कुशल स्वार शक्य तितक्या सखल उडीनें पलीकडे जातो.

पहिली देणगी टेकडीची. आठ मीटरांच्या उतारावरून नुसतें घरंगळत आलें, आणि घर्षण व हवेचा विरोध वगळला, तरी पायथ्याशीं ताशीं सुमारें ४५ किलोमीटर वेग येतो. पायांचें बळ त्यांत आणखी भर घालतें. फाटक नेमकें केव्हां पडेल हें कोणालाच आधीं ठाऊक नसतें. घाई करणाऱ्याचें चाक फाटकावरच अडतें, आणि उशीर करणारा मागें पडतो.

नंतर उंचवट्यांची रांग येते. ‘डबल’ म्हणजे दोन उंचवटे आणि मध्यें खोलगट खळी. वेग कमी पडला तर पुढचें चाक दुसऱ्या उंचवट्यावर आदळतें. ‘टेबलटॉप’मध्यें तीच खळी भरून माथा सपाट केलेला असतो, तेथें चूक झाली तरी सहसा निभावतें. लहान लहान उंचवट्यांच्या सलग मालिकेंत मात्र पेडल मारण्यास सवडच मिळत नाहीं. तेथें चढावर हातपाय दुमडून सायकल अंगाखालीं वर येऊं द्यावयाची, आणि उतारावर तीच खालीं रेटावयाची. उभ्यानें झोका घेणारें मूल योग्य क्षणीं गुडघे वांकवून व पुनः ताठ करून झोका चढवितें, त्याच जातीची ही युक्ति आहे. अशा रीतीनें पेडल न मारतांहि वेग टिकतो, किंबहुना वाढतोहि.

राहिलीं वळणें. आगगाडीच्या रुळांच्या वळणावर बाहेरचा रूळ उंच ठेवतात, त्याच न्यायानें येथें वळणाची बाहेरची बाजू उंच उचललेली असते, म्हणून वेग न सोडतां वळतां येतें. या पाळीवर डावपेंच चालतात. कोणी उंचावरून वळून उताराचा लाभ घेत आंतल्या बाजूस उतरतो. कोणी आंतून घुसून दुसऱ्याची वाट अडवितो.

पहिल्या वळणाशीं मात्र खेळाचें दुसरें रूप दिसतें. सुरुवातीला आठांना आठ वाटा असतात. येथें सर्वांना एकच हवी असते. २०१६ चा ऑलिंपिक विजेता कॉनर फील्ड्स २०२१ सालीं टोकिओच्या उपांत्य शर्यतींत पहिल्या वळणाशींच कोसळला, आणि त्याच्या मेंदूंत रक्तस्राव झाला. त्याच सामन्यांत ऑस्ट्रेलियाची साया साकाकिबारा हीहि उपांत्य फेरींत पडली. तिचा भाऊ काय हाहि याच खेळांतला. २०२० मधील एका शर्यतींत त्याच्या मेंदूला गंभीर दुखापत झाली होती. हा मार्ग काय हिरावून घेऊं शकतो हें सायानें घरांतच पाहिलें होतें. तरीहि ती परत फाटकाशीं उभी राहिली, आणि २०२४ सालीं पॅरिसच्या ऑलिंपिकमध्यें सुवर्णपदक तिनेंच मिळविलें.

तेव्हां ही शर्यत पाहण्याचा योग आला, तर श्रोत्यांनीं दृष्टि उड्यांवर खिळवूं नये. टेकडीपासून पहिल्या वळणापर्यंतचे पहिले कांहीं सेकंद नीट पाहावेत. कोणाचें चाक आधीं जमिनीला लागतें आणि कोणाचे पाय आधीं चालूं होतात, इकडे लक्ष द्यावें. बहुधा विजेता तेथेंच ओळखूं येतो.