परवानगी लागत नाही, जबाबदारी मात्र लागते

(हरसूल येथे झालेल्या आधारदात्यांच्या मेळाव्यातील भाषण)



तुम्ही नाशिकहून, काही जण त्याहून लांबून, घाट चढून इथे आलात याबद्दल देवाचे आभार मानते. येताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाडे पाहिले असतील. कुठे कारवीचा कूड शेणामातीने लिंपलेला, कुठे कौले, कुठे पत्रा आणि मध्येच एखादे नवे घरकुल. आज मला या घरांविषयीच बोलायचे आहे. "तुम्ही लोकांना घरे का बांधून देत नाही?" असे आधारदाते आम्हाला नेहमी विचारतात. प्रश्न प्रेमाने विचारलेला असतो, म्हणून उत्तरही नीट द्यायला हवे.

आमचा आदिवासी माणूस घर बांधायला कुणाची वाट पाहत नाही. कोकणा असो, महादेव कोळी असो की वारली, मेढी कशा रोवायच्या, कूड कसा विणायचा, छपराला उतार किती ठेवायचा हे त्याला ठाऊक असते. सावडीने चार घरची माणसे जमतात आणि पावसाच्या आत छप्पर चढते. त्याचे अडते ते कागदापाशी. आणि जिथे कागद कळत नाही, तिथे मधला माणूस उभा राहतो.

एका पाड्यावरच्या आजींची गोष्ट सांगते. मागच्या एका वैशाखात त्यांना घराची फुटकी कौले बदलायची होती. भिंती त्याच, उंची तीच, फक्त कौले नवी. एका मध्यस्थाने सांगितले, "परवानगी काढावी लागेल, आठ हजार लागतील." मुलाने द्राक्षबागेच्या कामाची उचल घेतली आणि ते पैसे दिले. पावती मिळाली नाही, कागदही आला नाही. आजी मला म्हणाल्या, "बाई, कौलं आमची, घर आमचं, मग परवानगी कुणाची गं?" त्यांचा प्रश्न बरोबर होता. अशा कामाला परवानगी लागतच नाही. आठ हजार परत आले नाहीत, उचल मात्र फेडावी लागली. दिवाळीनंतर ते कुटुंब लेकरांसकट बागेवर गेले आणि दोन मुलांची शाळा त्या वर्षी अर्धीच झाली.

म्हणून कशाला परवानगी लागत नाही, हे आम्ही आता पाड्यापाड्यांवर सांगतो. तुम्हीही ऐका, कारण तुमच्यापैकी अनेकांची गावाकडे घरे आहेत.

पहिली गोष्ट डागडुजीची. शाकारणी, आहे त्याच उंचीवर कौले किंवा पत्रे बदलणे, गिलावा, रंग, फरशी, दारे-खिडक्या, विजेची जोडणी. आपल्या घरातल्या अशा कामांसाठी बांधकाम परवाना काढावा लागत नाही.

दुसरी गोष्ट शेतातल्या घराची. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची आहे. तिच्या कलम ४१ प्रमाणे शेतजमीन धारण करणाऱ्याला आपल्या जमिनीवर शेतीसाठी इमारत उभारण्याचा हक्क आहे. त्यात अवजारांची खोली, धान्याची साठवण आणि गुरांचा गोठा तर येतोच, शिवाय शेतकऱ्याच्या कुटुंबाचे राहते घरही येते. मोठ्या शहरांजवळ याला जास्तीच्या अटी आहेत. शेताच्या नावाखाली दुकान किंवा लॉज मात्र बांधता येत नाही.

तिसरी गोष्ट गावातल्या नव्या घराची. मुंबई आणि काही ठिकाणे सोडून राज्यासाठी एकत्रित विकास नियंत्रण नियमावली डिसेंबर २०२० मध्ये आली. त्यानंतर फेब्रुवारी २०२१ मध्ये ग्रामविकास विभागाने जाहीर केले, की गावात सुमारे १६०० चौरस फुटांपर्यंतच्या भूखंडावर घर बांधायला ग्रामपंचायतीची परवानगी लागणार नाही. १६०० ते ३२०० चौरस फुटांसाठी ग्रामपंचायत शुल्क कळवते आणि ते भरल्यावर काम सुरू करण्याचा दाखला देते. त्यासाठी नगररचना कार्यालयाच्या फेऱ्या माराव्या लागत नाहीत. घरकुल योजनेतले घर किमान २५ चौरस मीटरचे, म्हणजे सुमारे २६९ चौरस फुटांचे असते. तेव्हा आमच्या बहुतेक कुटुंबांची घरे पहिल्या मर्यादेच्या पुष्कळ आत बसतात.

पण इथेच लक्ष द्या. परवानगी नको, तरी काम सुरू करण्याआधी ग्रामपंचायतीत कागद द्यावे लागतात. मालकीचा पुरावा, जागेचा नकाशा, घराचा आराखडा, शुल्काची पावती आणि आराखडा नियमाप्रमाणे आहे असे परवानाधारक अभियंत्याचे प्रमाणपत्र. शहरातल्या माणसाला हे अवघड वाटणार नाही. पण रोजंदारीवर जगणाऱ्या माणसाने अभियंता कुठे शोधायचा आणि त्याची फी कुठून द्यायची? सरकारने एक दार उघडले, पण त्याचा उंबरठा अजून उंच आहे.

चौथी गोष्ट सगळ्यांत महत्त्वाची. ही सूट आपल्या हक्काच्या जागेपुरती आहे. वनजमिनीवर नवे घर उभारणे हा गुन्हाच आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने, १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून कसत असलेल्या किंवा राहत असलेल्या वनजमिनीवर आदिवासींचा हक्क मान्य केला. पट्टा नवरा-बायको दोघांच्या नावे होतो. तो वारसाने मुलांना मिळतो, पण विकता येत नाही. पट्ट्यात जेवढी जमीन लिहिली आहे, त्याच्या बाहेर एक मेढही रोवता येत नाही. पाड्याला जागा अपुरी पडते हे खरे आहे. म्हणूनच सप्टेंबर २०२० मध्ये राज्यपालांनी राज्यातल्या अनुसूचित क्षेत्रापुरता या कायद्यात बदल केला, की गावालगतच्या वनजमिनीत घरांसाठी जागा मिळू शकावी. पण ती आपोआप मिळत नाही. मागणी ग्रामसभेतून जावी लागते, म्हणून ग्रामसभेला बसा, असे आम्ही लोकांना सांगतो. बायकांना तर दोनदा सांगतो.

लाकडाचेही तसेच. जमीन आपली असली तरी तिच्यावरचा साग तोडायला परवानगी लागते. १९६४ चा वृक्षतोडीचा कायदा आहे. बांबूची गोष्ट वेगळी. २०१७ च्या दुरुस्तीने वनाबाहेरचा बांबू भारतीय वन कायद्याच्या 'झाड' या व्याख्येतून निघाला, त्यामुळे बांधावरचा बांबू घराला वापरता येतो.

आता मी पवित्र शास्त्राकडे येते. अनुवादाच्या बाविसाव्या अध्यायात, आठव्या वचनात, देव आपल्या लोकांना घराविषयी एक छोटी आज्ञा देतो. नवे घर बांधाल तेव्हा धाब्याला कठडा करा, म्हणजे कुणी पडून त्याच्या रक्ताचा दोष तुमच्या घरावर येणार नाही. मला हे वचन फार आवडते. तिथे कुठला अधिकारी तपासायला येणार नव्हता. तरी देवाने कठडा मागितला, कारण त्या धाब्यावर शेजाऱ्याचे लेकरू खेळणार होते.

आमच्या पाड्यांवर आता स्लॅबची घरे होत आहेत. स्लॅबवर नागली वाळते, उन्हाळ्यात माणसे झोपतात. घरकुलाला ठरावीक रक्कमच मिळते. त्यात कठड्याचे पैसे उरत नाहीत, म्हणून तो "पुढच्या वर्षी" राहतो. परवानगी लागत नाही याचा अर्थ कुणी बघणार नाही, असा घेतला तर पाया उथळ राहतो, सळई कमी पडते आणि इथला पाऊस त्याचा हिशेब घेतो. कागद सुटला म्हणून शेजाऱ्याची जबाबदारी सुटत नाही.

तर मग मंडळीने काय करावे? नाशिकच्या शरणपूरची आठवण तुमच्यापैकी कित्येकांना असेल. एकोणिसाव्या शतकात तिथल्या मिशनने गुलामीतून सुटलेल्या आफ्रिकन मुलांना आसरा दिला आणि त्यांच्या हाताला सुतारकामासारखी कसबेही दिली. मला त्यातले कसब देणे महत्त्वाचे वाटते. घर बांधून दिले तर एक घर होते. गवंडीकाम शिकलेला तरुण पाड्यावरच राहून दहा घरे बांधतो आणि त्याला उचल घेऊन बागेवर जावे लागत नाही.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. तुमच्या मंडळीत परवानाधारक अभियंता असेल, तर त्याने महिन्यातला एक शनिवार हरसूलला द्यावा. त्याची सही आणि शिक्का इथे एका कुटुंबाचा अख्खा हंगाम वाचवू शकतो. गवंडी किंवा ठेकेदार असाल, तर आमच्या एखाद्या मुलाला हाताखाली घ्या, आणि त्याची मजुरी पूर्ण द्या. दान देणार असाल, तर कठड्यासाठी द्या. फोटोत तो फारसा दिसणार नाही, पण एखादे लेकरू त्याच्यामुळे खाली पडणार नाही.

त्या आजींच्या प्रश्नाचे उत्तर कायद्यात होतेच, फक्त त्यांच्यापर्यंत पोहोचले नव्हते. ते वेळेवर पोहोचवणे ही आपली सेवा आहे. जेवण तयार आहे. जेवणानंतर ज्यांना वेळ असेल त्यांनी माझ्याबरोबर जवळच्या पाड्यावर चला. दोन घरांचे कागद भरायचे आहेत, आणि अक्षर चांगले असणारे हात हवे आहेत.

प्रभू तुम्हांला आशीर्वादित करो. आमेन.