पेन अडतं तेव्हा

(कार्यकर्त्यांच्या लेखन शिबिरातल्या बोलण्याचा मजकूर)



‘लिहायला बसलं की सुचत नाही, लक्ष लागत नाही’ यावर मी बोलावं असं ठरलंय. पण इथं बसलेल्या कुणालाच सुचत नाही, हे मला पटत नाही. चौकीत फौजदाराशी तासभर भांडलेली बाई त्याच भांडणाचा अहवाल लिहायला घेते आणि ‘सदर महिला’ या दोन शब्दांपाशी अडते. मघाशी बोलताना सगळं होतं की तिच्याजवळ! कागद पुढं आला की पाठीशी माणसं येऊन उभी राहतात. ऱ्हस्व-दीर्घ तपासणारे गुरुजी, घरची मंडळी, संघटनेतल्या जास्त शिकलेल्या बायका. (त्यात मीही आले.)

ही भीती उगीच नाही. १८८२ साली ताराबाई शिंद्यांनी ‘स्त्री-पुरुष तुलना’ लिहिलं. त्यावर अशी झोड उठली की जोतीराव फुल्यांना त्यांची बाजू घ्यावी लागली. त्यानंतरचं ताराबाईंचं दुसरं पुस्तक आपल्याला मिळत नाही. म्हणून कुणाचं पेन थांबलं की तिला आळशी म्हणण्याआधी तिच्यामागं कोण उभं आहे ते बघावं.

दुसरी अडचण जागेची, वेळेची. लिहिणाऱ्या बाईला वर्षाला ५०० पौंड आणि स्वतःची खोली हवी, असं व्हर्जिनिया वूल्फनं १९२९ साली मांडलं. आपल्याकडं फलटणला बेबीताई कांबळे किराणा दुकान सांभाळत लिहीत होत्या आणि नवऱ्याला कळू नये म्हणून वह्या लपवून ठेवत होत्या. ‘जिणं आमुचं’ पुस्तक म्हणून आलं १९८६ साली. हा दाखला ऐकून ‘बघा, मनात असलं की जमतं’ असं कुणी म्हणू नये. वह्या लपवाव्या लागू नयेत म्हणूनच तर आपण एकत्र आलोय.

आणि लिहायचं कशाला? आपण नाही लिहिलं तर त्या बाईचं जे उरेल ते पंचनाम्याच्या भाषेत उरेल, म्हणून.

तेव्हा आधी बोला. एकीनं सांगावं, दुसरीनं जसंच्या तसं उतरवावं. ‘सदर महिला’ सोडून द्या. ती घरातून निघाली तेव्हा पायात चपला नव्हत्या, तिथून सुरू करा. (नाव-गाव बदलायला मात्र विसरू नका.) प्रास्ताविक शेवटी लिहिता येतं. शुद्धलेखन दुसऱ्या दिवशी, आणि तेही दुसरीनं बघावं. कुकरची शिट्टी झाली तर वाक्य अर्धं ठेवून खुशाल उठा. पूर्ण केलेल्या वाक्यापेक्षा अर्ध्या वाक्याकडे परत येणं सोपं जातं, हा माझा अनुभव.

राहिला मोबाईल. ‘तो बंद ठेवा’ असं सांगणारे पुष्कळ भेटतात. पण जिच्याकडं अपरात्री मार खाल्लेल्या बाईचा फोन येतो, तिनं तो कसा बंद ठेवावा? यावर एकटीपुरता उपाय नाही. पाळी लावावी लागते. एक तास ती लिहील, तिचा फोन दुसरी घेईल, आणि अगदीच तातडीचं असलं तरच तिला उठवेल.

आज तेच करून बघू. चार ते पाच डाव्या हाताच्या ओळींनी लिहायचं. फोन उजवीकडच्या मैत्रिणींकडे द्या. पुढच्या तासाला अदलाबदल.