कॅमेरा, आवाज, संगणक : शिकायला सुरुवात कुठून?



पत्रिकेत विषय छापलाय ‘डिजिटल माध्यमे : कॅमेऱ्यापासून संगणकापर्यंत’. हा क्रम बाजारातला आहे. पोरगं बारावी झालं, ‘मला मीडियात जायचंय’ म्हणालं, की बापही याच क्रमानं पाकीट उघडतो. आधी कॅमेरा, मग लॅपटॉप, आणि पैसे उरलेच तर माइक. ते कधी उरत नाहीत. मला हा क्रमच मान्य नाही. आधी आवाज शिकावा, चित्र मागाहून. जिथं बोलावतील तिथं मी हेच सांगतो, आणि दर वेळी पहिल्या रांगेतलं कुणीतरी घड्याळाकडे बघतं. (हशा) बघा, बघितलंच.

फाळके, प्रभात, आपली फिल्म इन्स्टिट्यूट हे सगळं तुम्हाला पाठ आहे, ते सोडतो. कुणी म्हणेल, ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३चा आणि ‘आलम आरा’ १९३१चा, म्हणजे चित्रच थोरलं. पडद्यावर असेल. आकड्यांच्या दुनियेत आवाज थोरला आहे.

आवाजाचे आकडे करायचे म्हणजे काय? दवाखान्यात पेशंटच्या पायाशी तापाचा तक्ता लटकवलेला असतो. नर्स ठरावीक वेळानं थर्मामीटर लावते, टिंब मांडते. टिंबं जोडली की तापाचा चढउतार दिसतो. माइकमधून येणाऱ्या लाटेचं असंच मोजमाप होतं, फक्त सेकंदाला ४४,१०० वेळा. माणसाला फार तर २०,००० हर्ट्झपर्यंत ऐकू येतं, आणि जेवढं पकडायचं त्याच्या दुपटीहून जास्त वेळा मोजावं लागतं. चाळीस हजारांच्या वर हवं, हे झालं. पण नेमके ४४,१००च का? ही गोष्ट दोन मिनिटांत उरकणार होतो, पण उरकवत नाही.

१९७०च्या दशकाचा उत्तरार्ध. आवाजाचे आकडे तर झाले, पण ठेवायचे कशावर? एवढा ओघ झेलणारं आणि परवडणारं एकच यंत्र हाताशी होतं, व्हिडिओ टेपरेकॉर्डर. मग अभियंत्यांनी शक्कल लढवली. आवाजाच्या आकड्यांचं खोटं चित्र करायचं! टीव्हीवर लावलं तर नुसते काळेपांढरे ठिपके दिसायचे, पण ते गाणं असायचं. आता हिशेब बघा. चित्राच्या एका रेषेत तीन मापं बसवली. अमेरिकी पद्धतीच्या व्हिडिओत दर फेरीला कामाच्या रेषा २४५ आणि सेकंदाला ६० फेऱ्या. २४५ गुणिले ६० गुणिले ३. करा गुणाकार. युरोपात आणि आपल्याकडे रेषा २९४, फेऱ्या ५०. पुन्हा तीननं गुणा. दोन्हीकडे ४४,१००! (टाळ्या) टाळ्या मला नकोत, गणिताला द्या. १९८२ साली सीडी आली तेव्हा हाच आकडा तिच्यात गेला. टेप अडगळीत गेली, आकडा अजून तुमच्या फोनमधल्या गाण्यांत आहे.

आणि चित्राचं काय झालं? १९७५ साली कोडॅकमध्ये स्टीव्हन सॅसन यांनी पहिला हातात धरता येणारा डिजिटल कॅमेरा जोडला. आडवे शंभर, उभे शंभर, एकूण दहा हजार ठिपके, तेही काळेपांढरे. एक फोटो साठवायला २३ सेकंद लागायचे, आणि साठवायचा कशावर? कॅसेटवर! आवाज चित्राच्या टेपवर, चित्र आवाजाच्या कॅसेटवर. आत सगळे आकडेच असतात, एवढं ज्याला कळलं त्याचा अर्धा अभ्यासक्रम झाला.

चिठ्ठी आली आहे. ‘कॅमेऱ्यावर कधी बोलणार?’ (हशा) अहो, त्यावरच बोलतोय. कुणी माइकसमोर ओरडलं की आवाज फाटतो. १६ बिटांत ६५,५३६ पायऱ्या असतात. सर्वांत वरच्या पायरीच्या पुढं आकडाच नाही, म्हणून लाटेचा माथा सपाट कापला जातो. फोनच्या फोटोत एका रंगाच्या पायऱ्या सहसा २५६. भर दुपारी आकाश पांढरंफटक येतं ते याच कारणानं. कापलेलं मागाहून परत आणता येत नाही. फाटलेला आवाज पोराला लगेच खुपतो. जळालेलं आकाश मात्र त्याला बराच काळ ‘छान आलंय’ वाटतं. म्हणून आवाज आधी. हा हट्ट वाटत असेल तर चहाच्या वेळी भांडू.

आता एक प्रयोग. पंखे बंद करू का? (‘नको, नको!’) बरं, राहू द्या, उलट बरंच. काका, हा फोन तोंडापासून वीतभर धरा आणि नाव सांगा. आता फोन मी इथं व्यासपीठावर ठेवतो, पुन्हा सांगा. ऐका दोन्ही. पहिल्यात काका आहेत. दुसऱ्यात पंखा आहे, खुर्ची करकरली ती आहे, बाहेरची रिक्षा आहे, आणि काका कुठंतरी मागं. अंतर दुप्पट झालं की थेट पोचणारा आवाज सहा डेसिबलनं पडतो, पंख्याचा मात्र तेवढाच राहतो. इथं बसून तुम्हाला तो पंखा जाणवत नव्हता, कारण मेंदू नको ते गाळतो. माइक काही गाळत नाही. लग्नाचे, मुलाखतींचे किती व्हिडिओ इथंच वाया जातात! चित्र झकास, आणि बोलणारा विहिरीत. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांच्या प्रकल्पानं गावोगावच्या लाखाहून जास्त ओव्या लिहून घेतल्या, ते काम थोरच. पण जात्यावर हात फिरवताना बाईचा श्वास कुठं तुटतो, ते कळतं त्यातल्या ध्वनिमुद्रित ओव्या ऐकल्यावर.

दुसरी चिठ्ठी. पाच मिनिटं. संगणक राहिला की! पळत सांगतो. सीडीच्या दर्जाचा एक मिनिट आवाज साधारण दहा एमबी. फुल एचडी चित्र न दाबता ठेवलं, तर एकाच सेकंदाला दीडशे एमबींच्या वर. म्हणून व्हिडिओ एडिटिंगला महागडं यंत्र लागतं, आणि आवाजावर घरातला जुना संगणकही काम करतो. ऑडॅसिटी फुकट मिळतं. त्यावर पोरानं एक मुलाखत कापावी, ‘अं... अं...’ काढावेत, रिकाम्या खोलीचा अर्धा मिनिट आवाज वेगळा घेऊन सांध्यांत भरावा. टाइमलाइन, कट, फाइल जपून ठेवणं, सगळं तिथं शिकून होतं. कॅमेऱ्याचं एकच सांगतो, आपल्या विजेला शटर सेकंदाचा पन्नासावा भाग ठेवा, ट्यूबलाइटखाली पट्ट्या दिसणार नाहीत. रंग, लेन्स वगैरे राहिलं.

मागून विचारताहेत, पुतण्याला कॅमेरा कोणता घ्यावा. कुठलाच नको. फोन आहे ना त्याच्याकडे? मग हेडफोन घ्या, पण तारेचा. ब्लूटूथचा आवाज चित्रामागून येतो, त्यावर एडिटिंग होत नाही. आणि वर्षभरानं त्याला पुन्हा विचारा. अध्यक्ष उठलेच आहेत, तेव्हा थांबतो.