संदर्भसूची शेवटी करायची नसते!

आजचा भाग बोललो तसाच, थोडा नीट करून खाली देतोय.

मागच्या महिन्यात साताऱ्याहून मावसबहिणीचा फोन. एम. ए. इतिहासाचा लघुप्रबंध जमा करायचा होता. म्हणाली, "दादा, लिहून झालंय. फक्त संदर्भसूची एआयकडून काढून दे की." काढली. बारा पुस्तकं, लेखक, वर्ष, प्रकाशक सगळं चकाचक. तिनं शोधायला घेतली, तर चार पुस्तकं अस्तित्वातच नव्हती!

मला हसता येईना. सांगलीत बीटेक करताना मीही तेच केलं होतं, एआय नसताना. सिनिअरच्या रिपोर्टमधली यादी जशीच्या तशी चिकटवली. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या सरांनी एका पेपरवर बोट ठेवलं, "यात काय आहे, सांगा." मी गप्प.

म्हणून आधी हे समजून घ्या. टीप आणि सूची या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मजकुरात वाक्य संपलं की वर छोटा आकडा येतो आणि पानाच्या तळाशी टीप. टीप सांगते, हे *एक* विधान नेमक्या कुठल्या पानावरून आलं. सूची सांगते, एकूण काय काय वाचलं. टीपेत नाव सरळ, "वि. का. राजवाडे", आणि पान किंवा लेखांक हवाच. सूचीत आडनाव आधी, "राजवाडे, वि. का.", कारण ती अकारविल्हे लावायची असते. तेच पुस्तक पुन्हा आलं, तर टीपेत आडनाव, छोटं शीर्षक, पान एवढं पुरतं.

लेखांक म्हणजे काय? राजवाड्यांनी 1898 मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला. पानिपतापर्यंतची पत्रं, आणि प्रत्येक पत्राला क्रमांक. तिकडे मिरजेत शाळामास्तर वासुदेवशास्त्री खरे पटवर्धनांच्या दप्तरातली पत्रं 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'त छापत होते. म्हणून आजही कुणीही खंड आणि लेखांक बघून ते पत्र उघडू शकतो, आणि लेखक चुकला असेल तर तसं सांगू शकतो. आमच्या कोडमध्ये कुठली ओळ कुणी, कधी बदलली याची नोंद असते ना, तसंच.

वाईत घडलेला मराठी विश्वकोश बघा. नोंदीखाली संदर्भ आणि लिहिणाऱ्याचं नाव. जबाबदारी कुणाची, ते उघड.

आणि हो, पत्र तुम्ही दुसऱ्याच्या पुस्तकात वाचलं असेल तर तसंच लिहा. मूळ खंड पाहिल्याचा आव आणू नका.

नियमही आहेत. यूजीसीच्या 2018 च्या नियमांनुसार प्रबंधात 10 टक्क्यांपर्यंत साम्य चालतं. 60 च्या वर गेलं तर नोंदणी रद्द होऊ शकते. रीतसर श्रेय देऊन घेतलेला उतारा यात धरत नाहीत. म्हणजे टीप तुम्हाला वाचवते! पण खोटं पुस्तक सॉफ्टवेअरला सापडेलच असं नाही. ते परीक्षकाला सापडतं.

बहिणीनं काय केलं? वही घेऊन पुन्हा ग्रंथालयात बसली. आठ दिवस गेले. यादी बारावरून नऊवर आली, पण नऊच्या नऊ तिनं हातात घेतलेली.

तुम्ही आजपासून एवढंच करा : वाचतानाच पान नंबर टिपून ठेवा. भेटू पुढच्या भागात!