करदोड्याची गाठ

आपापले दवाखाने बंद ठेवून खंडेश्वराच्या या गावात जमलेल्या डॉक्टर बंधू-भगिनींनो,

वेळ थोडा आहे, म्हणून एकाच गोष्टीवर बोलतो.

मागच्या वेचणीच्या दिवसांत एक शेतकरी आला. हातपाय काटकुळे, गालफडं बसलेली. तळपायाला मुंग्या येतात म्हणाला. शुगर तपासू म्हटलं, तर हसला. "डॉक्टरसाहेब, शुगर जाड्या मानसाले होते. माह्या आंगावर मांस कुठी हाये?" सदरा वर करायला लावला. करदोडा पोटात रुतलेला. जुन्या गाठीची खूण तशीच होती, नवी गाठ तिच्यापासून चार बोटं पुढं. टेप लावला, ९४ सेंटिमीटर. उपाशीपोटी साखर १६८.

जेवलो की स्वादुपिंड इन्सुलिन सोडतं, म्हणजे स्नायूंना हाक मारतं, साखर आत घ्या म्हणून. यकृताला सांगतं, तू आता नवी करू नकोस. यकृतात, स्नायूंत चरबी साचली की त्यांना ही हाक ऐकू येईनाशी होते. मग स्वादुपिंड आणखी मोठ्यानं ओरडतं, जास्त इन्सुलिन ओततं. हाच इन्सुलिन-प्रतिरोध. हे वर्षानुवर्षं चालतं आणि तेवढा काळ साखरेचा रिपोर्ट नॉर्मल येतो! मानेवरचा मखमली काळेपणा हीच गोष्ट सांगत असतो; घरची माणसं तो मळ समजून घासतात. शेवटी स्वादुपिंडातल्या बीटा पेशींचा घसा बसतो, आणि आपण मधुमेहाचं निदान करतो.

बारीक माणसाला हे का व्हावं? उत्तर आपल्याच महाराष्ट्रात शोधलं गेलं. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा आणि त्यांचे इंग्रज मित्र प्रा. युडकिन यांचा फोटो २००४ मध्ये 'लॅन्सेट'ने छापला. दोघांचा बीएमआय सारखाच, २२.३. युडकिन यांच्या अंगात चरबी ९.१ टक्के, याज्ञिकांच्या २१.२. त्याआधी, १९९३ पासून, याज्ञिकांच्या पथकानं पुण्याजवळच्या सहा खेड्यांतल्या गर्भवतींचा अभ्यास केला होता. तिथली बाळं सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधली ३.५ किलोची. आपल्या बाळात स्नायू कमी भरले, चरबी मात्र त्या मानानं टिकून राहिली. ज्या आयांत बी-१२ कमी आणि फोलेट जास्त होतं, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिन-प्रतिरोध अधिक सापडला. म्हणजे माझ्या त्या शेतकऱ्याच्या दुखण्याची सुरुवात कदाचित त्याच्या आईच्या पोटातच झाली असेल. ती माउली नऊ महिने काय जेवली, हे आपण कधी विचारतो का?

त्यात आपल्या वऱ्हाडात ज्वारीची जागा सोयाबीननं घेतली, ताटात रेशनचा गहू-तांदूळ आला. निंदणाच्या जागी तणनाशक आलं, वावरात जायला मोटारसायकल. मुळातच कमी असलेल्या स्नायूंचं कामही गेलं. साखर घेणार कोण?

साखर मधुमेहाच्या हद्दीत शिरण्याआधीच धरलं तर रोग रोखता येतो. चेन्नईच्या डॉ. रामचंद्रन यांनी २००६ मध्ये दाखवलं, की आहार आणि चालणं एवढ्यावर मधुमेहाचं प्रमाण तीन वर्षांत २८ टक्क्यांहून अधिक घटतं.

म्हणून माझी हात जोडून विनंती आहे. उद्यापासून बीपीच्या यंत्राशेजारी टेप ठेवा. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, श्वास सोडल्यावर मोजा. पुरुष ९०, बाई ८०. त्यापुढं गेलं की माणूस कितीही बारीक दिसो, साखर तपासल्याशिवाय त्याला घरी पाठवू नका.