मोटारीतील गाणे
(वार्षिक स्नेहसंमेलनातील भाषण)



'तरुणपणीच्या आठवणी' हा विषय कार्यवाहांनी मला दिला आहे. पंचाहत्तरी ओलांडलेल्या माणसाच्या हाती असा विषय देणे म्हणजे सभेच्या वेळापत्रकावर पाणी सोडणेच होय. म्हणून मीच मर्यादा घालून घेतो आणि केवळ मोटारीतील गाण्याविषयी बोलतो.

गोष्ट १९७० च्या सुमाराची. फियाट नोंदवून वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे, अशा त्या दिवसांत माझ्या मामांच्या दारी अकराशे डिलाइट आली. तिच्या गिअरचा दांडा चाकापाशीच असल्यामुळे पुढच्या सलग बैठकीवर तिघे दाटीवाटीने बसत. मामांनी तीत रेडिओ बसवून घेतला. १९६७ च्या नोव्हेंबरात मुंबई, पुणे व नागपूर येथे विविध भारतीची व्यापारी सेवा सुरू झालेली असल्याने गाण्यांना तोटा नव्हता. मामांचा जीव मात्र सिलोनवर. ते लघुलहरींवरचे स्टेशन. इंजिनाच्या ठिणग्यांची खरखर त्यात अशी मिसळे की गाणे कोणते आणि मोटार कोणती, हे कळू नये!

मुंबईहून पुण्यास जाताना खोपोली सुटली की डोंगरांच्या आड मुंबई केंद्रही क्षीण होई आणि नेमका अंतऱ्यात आवाज बुडे. आमच्यासमवेत माझ्या मावसबहिणीची एक मैत्रीण पुष्कळदा असे. माहेर पुण्याचे, शिक्षण मुंबईस. त्यांच्या हास्याचे वर्णन मी करणार नाही, कारण आमच्या सौभाग्यवती दुसऱ्या रांगेत बसल्या आहेत. आवाज बुडाला की त्या तुटल्या ओळीपासून गाणे उचलीत, त्याच पट्टीत, आणि शिंग्रोबाच्या देवळापर्यंत ते नेऊन पोहोचवीत. तेथे मामा रेडिएटरला पाणी पाजीत, देवाला नाणे वाहत, आणि गाणे थांबे.

त्यांचा विवाह ठरला तेव्हा वरपक्षाने एक अट घातली होती : मुलीने चारचौघांत गावयाचे नाही. अशा अटी त्या काळी अनेक घरांत घातल्या जात, आपल्या ज्ञातीतही. त्या घालणारे लोक वाईट नव्हते, हे मी मुद्दाम सांगतो, कारण त्यामुळेच त्या मोडणे अवघड होते. मोटार मात्र चारचौघांत मोडत नसावी. सर्वांची तोंडे रस्त्याकडे, कोणी कोणाकडे पाहत नाही. विवाहापूर्वीच्या शेवटच्या प्रवासात त्या घाट संपल्यावरही गात राहिल्या, लोणावळ्याच्या पुढेपर्यंत. रेडिओ पुन्हा बोलू लागला तेव्हा मामांनी तो हळूच बंद केला.

पुढे कॅसेट आली. तिला डोंगर आडवा येत नाही. १९९२ साली एका कार्यानिमित्त त्यांच्या चिरंजीवांच्या गाडीतून मी पुण्यास निघालो. पनवेलपासून उत्तम गाणी चालू होती. खोपोली मागे पडताच त्यांनी हात पुढे करून कॅसेट थांबविली. "आई, बिघडली नाही ती," चिरंजीव म्हणाले. "ठाऊक आहे," त्या म्हणाल्या आणि खिडकीबाहेर पाहत राहिल्या. शिंग्रोबा येईपर्यंत कोणीच बोलले नाही.

मग त्यांनी मला विचारले, "मामांची फियाट कोणी घेतली हो?"

मी सांगितले, ती मामांच्या पश्चात कुर्ल्याला भंगारात गेली. रेडिओ मात्र मी काढून ठेवला आहे.